मधला रिषभ

आमच्या गल्लीतल्या कडुनिंबांना फुलोरा आलाय. दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्टच्या या भागात झाडांचं कौतुक तसं कमीच. व्हिला, गाड्या, दुपारी शाळेच्या बसेस आणि बाराही महिने धूळ. पण कुणा भल्या माणसाने कधीतरी रस्त्याच्या कडेने चार कडुनिंब लावले, आणि मार्च सरता सरता त्यांच्याखालून जाताना असा काही कडसर-गोड वास येतो की हातात भाजीच्या पिशव्या असल्या तरी पाय रेंगाळतात. पाडव्याची डहाळी मी तिथूनच चोरते. यंदाही चोरली. गूळ, जिरं, हिंग घालून वाटलेली गोळी नवऱ्याने तोंड वाकडं करून गिळली आणि "एसीवाल्याला फोन कर, उन्हाळा आलाच" असं बजावून रास लफानच्या गॅस प्रकल्पाची बस पकडायला तो धावला.

त्याचा उन्हाळा आला असेल. माझ्यासाठी अजून हा वरच्या मजल्यावरच्या अम्मोंचाच ऋतू आहे. त्यांच्या ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस. तीन वर्षांपूर्वी ते दिवस मी असे काही जगले की आता फुलोऱ्याचा वास आला की आधी कान टवकारतात. मग आठवतं, वर आता कुणी गात नाही.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडते. वरच्या मजल्याचं सगळं काही तिथून खाली येतं: लसणाची फोडणी, भांडणं, टीव्हीवरच्या बातम्या. या घरात राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, मी कणीक मळत होते आणि वरून एक म्हातारा आवाज आला. वाद्य नाही, ताल नाही. नुसता गळा, आणि भाषा अरबी. मशिदीतली बांग रोज ऐकते, तिचा बाज ओळखीचा झालाय. हे तसं नव्हतं. एका सुरावरून तो आवाज अगदी सावकाश, जिना उतरणाऱ्या माणसासारखा खाली येई आणि शेवटच्या पायरीच्या आधी एका ठिकाणी थांबे. ते ठिकाण ऐकून माझे हात कणकेतच राहिले. षड्जाच्या वरचा तो रिषभ, आपला 'रे', कोमल नव्हता आणि शुद्धही नव्हता. दोघांच्या मधे, जिथे आमच्या पेटीत लाकडाशिवाय काही नाही, तिथे तो आवाज निवांत बसला होता.

नाशिकला गुरुजींकडे मी चौदा वर्षं शिकले. गुरुजी पेटीला हात लावू देत नसत. "पेटी साथीला ठीक आहे, पण तिच्याकडून सूर शिकू नकोस. तिला बाराच ठाऊक आहेत आणि ती तुलाही बाराच शिकवेल," असं म्हणत. पुढे विशारद झाले, प्रमाणपत्र फ्रेम केलं, लग्न करून दोह्याला आले आणि पेटी घेऊन इथल्या मराठी मंडळातल्या मुलांना शिकवायला लागले. गुरुजींनी "आता तू दुसऱ्याला शिकवायला हरकत नाही" असं कधी म्हटलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. पण इथे कोण विचारणार होतं? मुलं गणपतीत चार गाणी म्हणत, आया व्हिडिओ काढत, सगळे खूश.

वर राहणारे ते दोघं, बाप आणि मुलगी. मुलगी रीमा, पस्तिशीची, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला. वडील उत्तर लेबननमधल्या एका डोंगरी गावचे, सत्तरी पार केलेले, चाळीस वर्षं इथे नकाशे काढण्याचं काम करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अबू रीमा, म्हणजे रीमाचे बाबा, म्हणत. मी अम्मो म्हणायला लागले, म्हणजे काका. इंडियन साहेबांच्या हाताखाली राहून त्यांना मोडकं हिंदी येई आणि ते वापरायची त्यांना भारी हौस.

पहिल्यांदा वर गेले ती एकादशीला, साबुदाण्याची खिचडी घेऊन. दार अम्मोंनीच उघडलं. डबा हातात घेतला आणि आधी चौकशी.

"इसमें दूध? मख्खन?"

"तूप आहे, म्हणजे..."

"ना ना, खलास! हमारा रोजा. दूध नहीं, अंडा नहीं, गोश्त नहीं."

मला हसूच आलं. उपासाला काय चालतं आणि काय नाही यावर जन्मभर डोकेफोड केलेल्या बाईला अखेर तोडीस तोड माणूस भेटला होता. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याच्या तेलात खिचडी केली. अम्मोंनी एकेक दाणा उचलून बघितला, "लूलू" म्हणाले, म्हणजे मोती, आणि सगळा डबा फस्त केला. मग माझ्याकडून त्यांच्या उपासाला खिचडी आणि त्यांच्याकडून माझ्या उपासाला खजूर, असा व्यवहार सुरू झाला. डाळ-तांदळाचं त्यांचं एक उपासाचं अन्न होतं, वर तळलेला कांदा. ते त्यांनी मला एकदा एकादशीला आग्रहाने वाढलं, आणि मी एकादशीला डाळ-तांदूळ, कांदा खात नाही म्हटल्यावर इतके खट्टू झाले की मी निमूटपणे खाल्लं. देव बघत असेल तर त्याने दोन्हीकडचं समजून घ्यावं.

अम्मो चर्चमध्ये गात. गात हा शब्द त्यांना आवडत नसे. "गाना नहीं, सलात," म्हणत. प्रार्थना. शहराबाहेर सगळ्या चर्चची मिळून जी वसाहत आहे, तिथल्या त्यांच्या चर्चमध्ये गेली कित्येक वर्षं डाव्या बाजूच्या उंच मेजापाशी ते उभे राहत. हे गाणं हजार-दीड हजार वर्षांचं, ग्रीकांच्या जुन्या राजधानीतून आलेलं; पुढे अरबी भाषेत रुजलेलं. आठ सूरमार्ग, अक्षरांवर मुंग्यांसारख्या खुणा, वाद्य मुळीच नाही. तंबोऱ्याचं कामही माणूसच करतो. एकजण गातो आणि दुसरा खालचा एकच सूर धरून राहतो. त्या धरलेल्या सुराला ते इसोन म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी, त्या उपासाच्या तोंडावर, अम्मोंच्या आवाजात खरखर आली. स्वरयंत्रावर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, पण त्यानंतर आवाज राहील की नाही सांगता येत नाही. अम्मोंनी ऑपरेशन ईस्टरनंतर ढकललं. त्यांना त्या शुक्रवारची प्रार्थना म्हणायची होती, ख्रिस्ताला थडग्यात ठेवतात त्या शुक्रवारची.

आणि रीमाला ती शिकायची होती. वडिलांचा गळा मिटायच्या आत.

"मग शिकव म्हण ना त्यांना," मी म्हणाले. आम्ही इंग्रजीत बोलत असू.

"ते नाही शिकवणार, आँटी. आठ वर्षांची असल्यापासून विचारतेय."

कारण मला अम्मोंनीच सांगितलं, एका सकाळी, खजूर निवडता निवडता. त्यांचे गुरू गावातले शिंपी होते. मशीन चालवता चालवता शिकवत. तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं नाही. मशीन थांबली की समजायचं, सूर चुकला. त्या शिंप्यांची एक रीत होती. शिष्य तयार झाला असं वाटलं की एक दिवस ते मुख्य जागा सोडत, खाली उभे राहत आणि शिष्यासाठी स्वतः इसोन धरत. गुरूने आपल्यासाठी खालचा सूर धरला की शिष्य मोकळा. मग त्याने शिकवावं. अम्मोंच्या आधीच्या तिघांसाठी त्यांनी तो धरला होता.

"मेरे लिए नहीं," अम्मो म्हणाले. "लडाई शुरू. मैं इधर आया. वो मर गया." मग खजूर निवडत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "मैं गा सकता. पढा नहीं सकता. हक नहीं."

मी खाली येऊन भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहिलं. दिवसभर मला स्वतःचा राग येत होता. खरं सांगायचं तर अम्मोंचाही आला. चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला हक्क नाही, तर मग कुणाला?

मग रीमाने अधिकारी गुरू शोधायला घेतला. माझ्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर, कारण वर अम्मोंना कळलं असतं. अडतिसेक दिवस हातात होते. एक अथेन्सचे गृहस्थ मिळाले, फार विद्वान. म्हणाले, आधी ग्रीक शिका, मग या. एक लेबननचे होते, प्रेमळ, पण त्यांच्याकडची वीज दर अर्ध्या तासाला जाई आणि ते पडद्यावर तोंड उघडं असतानाच गोठत. एकाने पदव्यांची यादी पाठवली आणि पहिल्याच तासाला पेटीसारखा वाजवायचा कीबोर्ड समोर घेतला. रीमाने लॅपटॉपवरची खिडकी बंद केली. तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. आज ते हसू आठवलं की लाज वाटते.

एका म्हाताऱ्या साधूंनी तेवढं खरं सांगितलं. "इंटरनेटवर आवाज उशिरा पोचतो. मी तुझ्यासाठी इसोन धरू शकत नाही आणि तू माझ्यासाठी धरू शकत नाहीस. मग मी तुला काय शिकवणार? तुझ्या शहरात कुणी नाही का?"

रीमाने लॅपटॉप मिटला. शहरात एकच होता आणि तो वरच्या मजल्यावर जवसाचा काढा घेऊन गळा शेकत होता.

चर्चमध्ये दुसरं कोण गाणार, हा प्रश्न होताच. तरुण मंडळी गिटारवर चांगली गाणी म्हणत. ही आठ मार्गांची वाट कुणाला ठाऊक नव्हती. अम्मो गेले की त्या शुक्रवारी मोबाइलवरून काहीतरी लावतील, असं रीमा म्हणाली.

तेव्हा मी ते केलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझी मीच पुढे झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

रोज सकाळी दहाला अम्मो वर रियाज करीत. रीमा त्या वेळी कामावर. मी डक्टच्या खिडकीशी स्टूल टाकून बसले, मांडीवर दोनशे पानी वही. ऐकायचं आणि सरगम लिहायची. खाली अरबी शब्द देवनागरीत, जसे ऐकू येतील तसे. सात-आठ दिवसांत पाच पानं झाली. संध्याकाळी रीमा आली की डक्टची खिडकी आणि दार लावायचं, पेटी काढायची, आणि ओळ ओळ तिच्या गळ्यात उतरवायची. तो मधला रिषभ आला की वहीत मी नुसता 'रे' लिहीत गेले, शुद्ध. पेटीवर तो वाजवता येत नव्हता. गळ्याने म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, पण रीमाला पेटीच्या आधाराशिवाय जमेना. दिवस कमी होते. मी स्वतःला म्हटलं, नाहीतरी जरासाच फरक आहे. आधी चाल बसू दे, सूर मग खाली आणू. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटलं तरी ताक दुधाचंच असावं लागतं, एवढंही मला त्या घाईत सुचलं नाही. गुरुजींचे शब्द रोज आठवत होते. रोज मी भाता ओढत होते.

पण त्या संध्याकाळी सुखाच्या होत्या, हेही लिहायला हवं. रमजान होता, सूर्यास्ताला तोफेचा आवाज यायचा आणि क्षणभर सगळं शहर जेवायला बसल्यासारखं शांत व्हायचं. त्या शांततेत रीमा गायची. तिचा आवाज स्वच्छ, भरीव, थोडा बापासारखाच रुंद. नवरा शिफ्टहून येई, दाराशी बूट काढता काढता थांबे आणि खुणेने विचारी, चालू आहे का? मग बाहेरच पायरीवर बसून राही. मला मूल नाही. कुणाच्या गळ्यात आपण काही ठेवतो आहोत ही भावना मला मंडळाच्या मुलांनी कधी दिली नव्हती.

तो शुक्रवार आला. चर्चच्या वसाहतीत गाड्यांची ही रांग, गेटवर बॅगा तपासणं, एका बाजूने मल्याळी मिरवणूक, दुसरीकडे फिलिपिनो बायका पांढरी फुलं घेऊन. मी साडी नेसून मागच्या बाकाशी उभी राहिले. मधोमध फुलांनी मढवलेलं ते प्रतीकात्मक थडगं. अम्मो मेजापाशी काळ्या झग्यात उभे होते. त्यांनी सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि आवाज तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. अम्मोंनी डोळे मिटले आणि हात मेजावर टेकले.

तेव्हा रीमा पुढे गेली. बापाच्या शेजारी उभी राहिली आणि तिने तिसरी ओळ उचलली.

अम्मोंनी डोळे उघडले. मुलीकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं हे मी सांगू शकत नाही, पण काय केलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. ते एक पाऊल मागे सरकले. मेजाची जागा सोडली. आणि त्या फाटक्या गळ्यातून, तोंड जवळजवळ मिटूनच, त्यांनी खालचा सूर धरला. मुलीसाठी इसोन धरला.

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं. आपण करून दाखवलं.

मग रिषभ आला. रीमाने तो माझ्या पेटीसारखा घेतला, स्वच्छ, ठणठणीत, चढा. अम्मोंचा उजवा हात मेजावरून उठला. त्यांनी पंजा आडवा धरून हवेत खाली दाबला, दोन बोटं, एवढाच. खाली. रीमाला कळलं नाही. पुढच्या ओळीत रिषभ पुन्हा आला, हात पुन्हा खाली गेला. मग पुन्हा. शेवटच्या ओळींपर्यंत तो हात तसाच हवेत खाली खाली दाबत राहिला, आणि खालचा सूर मात्र त्यांनी एकदाही सोडला नाही. फरक साऱ्या चर्चमध्ये फक्त दोघांना ऐकू येत होता, त्यांना आणि मला.

परतताना गाडीत रीमा रडत होती, आनंदानेच. "बाबा, कसं झालं?" तिने विचारलं. अम्मो खिडकीबाहेर पाहत होते. ऑफिसं बंद, रस्ता रिकामा. घशातून आवाज फुटेना म्हणून त्यांनी कुजबुजत एकच शब्द म्हटला, "नदीफ." म्हणजे स्वच्छ. रीमाने तो कौतुक म्हणून घेतला. मग अम्मोंनी आरशातून मागे माझ्याकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "बहन, तुम्हारे घर में पियानो है?"

"पेटी आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. जिना चढताना ते थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वर गेले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. आवाज परत आला नाही. मेच्या उन्हात रीमा त्यांना गावी घेऊन गेली, आणि द्राक्षं काढायच्या दिवसांत ते गेल्याचा तिचा मेसेज आला. मी पेटी मंडळाला देऊन टाकली. शिकवणंही सोडलं. नवरा म्हणतो हे फार झालं. असेल.

रीमा मग दोह्याला परतलीच नाही. परवा पाडव्याच्या दिवशी तिचा फोन आला. तिला खरा गुरू मिळालाय. मूळच्या अलेप्पोच्या एक बाई आहेत, आता सायप्रसला असतात. रीमाने त्यांच्याच गावात नोकरी धरली. बाईंनी तिचं गाणं ऐकून घेतलं आणि विचारलं, कान कुणी बांधून टाकले तुझे? मग अट घातली: दोन वर्षं फक्त इसोन धरायचा. आधी शिकलेलं मनातसुद्धा गुणगुणायचं नाही. ते सगळं विसरल्याशिवाय पुढचा सूर देणार नाही.

"बाई बरोबर आहेत, आँटी," रीमा म्हणाली. "मी विसरतेय. रोज थोडं थोडं. पण बाबांचं माझ्याकडे तेवढंच आहे ना."

मला माफी मागायची होती. तीन वर्षं मागायची होती. ती मागितली. रीमाने विचारलं, "ती वही आहे अजून?"

"आहे."

"टाकू नका. पण मला पाठवूही नका."

अम्मोंनी कधी रेकॉर्डिंग करू दिलं नव्हतं. चर्चमधले दोन-चार व्हिडिओ आहेत, तेही आवाज फाटल्यानंतरचे. त्यात सूर कुठे संपतो आणि खरखर कुठे सुरू होते ते कळत नाही. म्हणजे त्या माणसाच्या गाण्याची लिहिलेली खूण जगात एकच आहे, माझी पाच पानं, आणि ती चुकीची आहेत.

आज नवरा गेल्यावर मी ती वही काढली. पेन्सिल घेतली आणि प्रत्येक 'रे'च्या खाली एक छोटा बाण काढला. खाली जाणारा. सत्तेचाळीस बाण झाले. मग खिडकीशी तेच स्टूल टाकलं, मोबाइलवर तंबोरा लावला, षड्ज धरला आणि हळूच रिषभावर गेले. तो पेटीच्या जागी येऊन बसला. खाली ओढला, तर थेट कोमल झाला. पुन्हा वर नेला, पुन्हा शुद्ध. अम्मोंचा हात डोळ्यांसमोर आणला, दोन बोटं, आणि पुन्हा प्रयत्न केला. मधली जागा, जिच्यावर तेव्हा माझे हात कणकेत थांबले होते, ती मला सापडेना.

तंबोरा बंद केला. वही समोर उघडीच आहे. बाण सगळे बरोबर आहेत, सगळे खालीच जातात. किती खाली, ते मात्र मला आठवत नाही.